जुन्या व्हिडिओ गेमचे रेफरन्स कार्टून सीरिजमध्ये कसे घुसवायचे, तेही पब्लिकला न पकवता

मराठीत ॲनिमेटेड कॉमेडी करणारी पोरं आता बरीच झालीत आणि प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच की एखाद्या एपिसोडमध्ये मारिओ टाकू, कॉन्ट्रा टाकू, नॉस्टॅल्जिया चालतो, शेअर होतं. मग काय होतं तर हिरो चालता चालता विटेला डोकं आपटतो, टिंग वाजतं, कॉइन उडतो आणि शेजारचा मित्र म्हणतो "अरे हे तर मारिओसारखं झालं!" संपला जोक. खरं तर सुरूच झाला नव्हता.

आम्ही तिघं मित्र पुण्यात हेच उद्योग करतो, नोकरी सांभाळून, रात्री जागून, आणि आमच्यात यावर एकच नियम आहे: गेमचं चित्र उचलायचं नाही, गेमचा नियम उचलायचा. म्हणजे काय ते सांगतो.

सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. त्यात तुम्ही जीव काढून किल्ला जिंकता आणि शेवटी राजकन्या नसतेच, एक छोटा मशरूमवाला उभा असतो, तो थँक्यू म्हणतो आणि सांगतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. हे सात वेळा होतं, आठव्या किल्ल्यात बाईसाहेब सापडतात. आता हा नियम उचला आणि तुमच्या हिरोला दाखला काढायला पाठवा. कुठलंही सरकारी ऑफिस घ्या, नाव नको. तो झेरॉक्स, फोटो, स्टॅम्प पेपर, सगळ्यातून उड्या मारत खिडकीपर्यंत पोचतो, खिडकीतला माणूस शांतपणे म्हणतो "धन्यवाद, पण ते टेबल पलीकडच्या बिल्डिंगमध्ये." परत तेच. परत तेच. सात वेळा तीच खिडकी, तीच पोझ, तेच वाक्य, तोच टोन. ज्यांनी मारिओ खेळलाय ते तिसऱ्या खिडकीला ओळखतील आणि ज्यांनी नाही खेळला, म्हणजे आमच्या आईसारखे, ते पहिल्या खिडकीलाच हसतील कारण त्यांनी दाखला काढलाय. शिवाय ॲनिमेशन एकदाच करायचं, सात वेळा चिकटवायचं. गेममध्येही तसंच आहे, म्हणून कोणी आळशीपणा म्हणणार नाही, उलट "काय डिटेलिंग आहे" म्हणतील.

तर पहिली स्टेप ही, गेम निवडायच्या आधी त्या गेमचा नियम एका वाक्यात लिहा. लिहिता नाही आला तर तो रेफरन्स नुसता स्टिकर आहे, सोडून द्या.

कोणता गेम कोणाला कळतो

इथे लोक फार गंडतात कारण रेट्रो म्हटलं की इंटरनेटवरची अमेरिकन यादी समोर येते, अटारी, सेगा, मोठी राखाडी निन्टेंडो. आपल्याकडे ते नव्हतंच बहुतेकांकडे. नव्वदच्या दशकात आपल्या घरी होता तो टीव्ही गेम, सामुराई, लिटल मास्टर असल्या नावांचा, आणि हे बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमचे क्लोन, जो जपानमध्ये १९८३ ला आला होता. कॅसेट छोटी, रंगीत, वरून घालायची. त्यामुळे तुमच्या सीनमध्ये आजोबांच्या माळ्यावरून टीव्ही गेम निघतोय आणि तुम्ही अमेरिकेतलं ते पुढून झाकण उघडायचं राखाडी खोकं काढलंत तर चाळिशीतला प्रत्येक पुणेकर लगेच ओळखणार की तुम्ही गूगल इमेजवरून ट्रेस मारलाय, आणि पुणेकर ओळखून गप्प बसणारा प्राणी नाही हे तुम्हाला माहितीये. रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, कंट्रोलर, कॅसेटी, अडॅप्टर असलं काही दिसलं की फोटो काढून ठेवा. पिवळट पडलेलं प्लॅस्टिक, वायरीला मारलेली काळी टेप, कंट्रोलरवर ए बी च्या वर अजून दोन टर्बो बटणं, हे हुबेहूब काढलं की अर्धं काम झालं.

ढोबळ हिशोब असा: जे आज चाळिशीच्या आसपास आहेत त्यांना मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. त्यांच्यानंतरच्यांना नोकियाचा साप (तो १९९७ ला ६११० मॉडेलवर आला), सायबर कॅफेतला रोड रॅश, मग व्हाइस सिटी. आणि गल्लीतल्या पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळलेल्यांना मुस्तफा. हा मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण खरं नाव घेतलंत तर कोणाला कळणार नाही, त्यातल्या मुस्तफा कायरो नावाच्या पिवळी टोपीवाल्यावरून सगळ्या देशाने गेमचंच नाव मुस्तफा करून टाकलं. तुमच्या डायलॉगमध्येही मुस्तफाच म्हणा.

एका एपिसोडमध्ये एकच काळ ठेवा. साप, मारिओ आणि व्हाइस सिटी एकत्र आले की ते म्युझियम होतं.

एक सीन पूर्ण करून दाखवतो

पॅकमॅन घेऊ. १९८० चा गेम, नाम्कोचा, आणि बहुतेकांना वाटतं की ती चार भुतं उगाच इकडे तिकडे फिरतात. अजिबात नाही. चौघांची डोकी वेगळी चालतात. लाल भूत सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी भूत तुम्ही जिकडे तोंड करून चाललाय तिकडे चार घरं पुढचा नेम धरतं, म्हणजे समोरून आडवं येतं. फिकट निळं भूत लाल कुठे आहे आणि तुम्ही कुठे चाललाय या दोन्हीचा हिशोब करून येतं, म्हणून त्याचा अंदाजच लागत नाही. आणि नारिंगी भूत लांब असलं की तुमच्याकडे येतं पण आठ घरांच्या आत पोचलं की घाबरल्यासारखं फिरून आपल्या कोपऱ्यात निघून जातं. शिवाय मधे मधे चौघंही काही सेकंद पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात.

आता मला सांगा, हे मंगल कार्यालयातल्या नातेवाईक बायका सोडून दुसरं काही आहे का? हिरो तिशीचा, लग्न झालेलं नाही, कर्वे रोडवरच्या एखाद्या कार्यालयात चुलतभावाच्या लग्नाला आलाय. लाल साडीतली आत्या सरळ मागे, "काय रे, मग तुझं कधी?" गुलाबी साडीतली मामी कधीच मागे येत नाही, तो आइस्क्रीमच्या काउंटरकडे वळला की ती तिथे आधीच उभी, हातात वाटी, "तुझीच वाट बघत होते." फिकट निळ्या साडीतली काकू आत्या कुठे आहे ते बघून दुसऱ्या दाराने येते. आणि नारिंगी साडीतली मावशी लांबून "अरे थांब थांब" करत येते आणि अगदी जवळ आली की "अगंबाई, अहेराची पिशवी खुर्चीवरच राहिली" म्हणत परत. अक्षता सुरू झाल्या की चौघी आपापल्या कोपऱ्यात, तेवढ्या वेळात हिरोने जिलब्या गोळा करायच्या, टेबलावर ओळीने ठेवलेल्या.

मग ती मोठी गोळी, जी खाल्ली की भुतं निळी होऊन पळतात. याच्यावर आमचं बराच वेळ भांडण झालं, एक म्हणत होता फॉरेनची नोकरी, दुसरा म्हणत होता गर्लफ्रेंड, पण त्याने बायका पळत नाहीत, उलट अजून चिकटतात. शेवटी सापडलं: विमा पॉलिसी. हिरो खिशातून माहितीपत्रक काढतो, "आत्या, एक मस्त प्लॅन आलाय, पाचच मिनिटं..." आणि चौघींच्या साड्या क्षणात गडद निळ्या, चौघी चार दिशांना. मग असर उतरत आला की गेममध्ये भुतं निळी पांढरी निळी पांढरी लुकलुकतात, तसं साड्या लुकलुकतात आणि आत्या थांबून म्हणते "आमची आहे हो पॉलिसी." संपलं, परत पळ. आणि गेममध्ये खाल्लेल्या भुताचे फक्त डोळे उरतात, तसा जिला हिरोने गाठून प्लॅन पूर्ण ऐकवला तिचा फक्त चष्मा उरतो, तो तरंगत तरंगत वधूपक्षाच्या खोलीत जातो आणि तिथून ती परत धडधाकट बाहेर.

या अख्ख्या सीनमध्ये पॅकमॅन हा शब्द नाही, पिवळा गोळा नाही, वाका वाका आवाज नाही. फक्त साडीचे चार रंग आणि चार स्वभाव. एक काळजी घ्या, प्रत्येकीचा स्वभाव पहिल्यांदा निवांत एकटीचा दाखवा, मग दोघी एकत्र, मग चौघी, गेमही असंच शिकवतो. आणि हॉलचा नकाशा कागदावर काढा, डावीकडच्या हात धुवायच्या बोळातून गेलं की उजवीकडच्या पार्किंगच्या दाराने आत, गेममधल्या बोगद्यासारखं. नकाशा नसेल तर पाठलागाची मजा जाते, नुसती धावपळ उरते.

छोटे रेफरन्स, जे दिसले तर दिसले

सगळंच इतकं मोठं करायची गरज नाही. कोनामी कोड घ्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाने बटणं दाबली की फायदा मिळतो तो चीट कोड, वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए. हा पहिल्यांदा ग्रेडियसच्या १९८६ च्या घरगुती व्हर्जनमध्ये आला, काझुहिसा हाशिमोतो नावाच्या डेव्हलपरने टाकला कारण टेस्टिंग करताना गेम त्यालाच झेपत नव्हता, पण जगाला पाठ झाला तो कॉन्ट्रामुळे, कोड मारला की ३० लाइफ. बहुतेक सीरिजवाले हा कोणाच्या तरी टीशर्टवर छापतात नाहीतर कॅरेक्टर की-बोर्डवर टाइप करतं. त्यापेक्षा जुन्या वाड्याच्या दाराची कडी घ्या. पाहुणा बाहेर उभा, आतून आजी ओरडून सांगतायत, "कडी वर कर, अजून वर, आता खाली दाब, अजून दाब, डावीकडे ढकल, उजवीकडे ओढ, परत डावीकडे, परत उजवीकडे, आता दोन दणके दे!" दार उघडतं आणि आत तीस माणसं जेवायला बसलीत. पेठेत राहिलेला माणूस दारावरून हसेल, गेमवाला तिसाच्या आकड्यावर हसेल. आकडा मोजून तीसच ठेवा बरं का, कोणीतरी व्हिडिओ थांबवून मोजतोच.

प्रिन्स ऑफ पर्शिया मधल्या सैल फरशा आठवतात? पाय ठेवला की थरथरायच्या आणि खाली पडायच्या. पावसाळ्यातला पुण्याचा फुटपाथ. ब्लॉक हलतो, खालून चिखलाची पिचकारी थेट ऑफिसच्या पँटवर. हिरोला प्रिन्ससारखं जपून एक एक पाऊल टाकायला लावा, आणि इथे एक टेक्निकल गंमतही करता येते. तो गेम १९८९ चा असून माणूस इतका खरा चालायचा कारण बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या भावाचं पळतानाचं, उडी मारतानाचं शूटिंग करून ते फ्रेम फ्रेमने गिरवलं होतं. तुम्हीही तेच करा, मित्राला सोसायटीच्या गच्चीवर पळवा, मोबाइलवर शूट करा, आणि क्रिता किंवा ब्लेंडरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये गिरवा, दोन्ही फुकट आहेत. बाकी एपिसोड तुमच्या नेहमीच्या चौकोनी कार्टून स्टाइलमध्ये आणि फक्त फुटपाथवर आला की हिरो अचानक एकदम लवचिक, जिवंत माणसासारखा. कोणी काही बोलायचं नाही. फुटपाथ संपला की परत चौकोनी.

डक हंटचा हसणारा कुत्रा, म्हणजे बदकं हुकली की गवतातून वर येऊन हसणारा, तर पुण्यात फुकटात मिळतो, तो म्हणजे समोरच्या गॅलरीतले काका. तुम्ही गाडी रिव्हर्स घेताय, पार्किंग चुकतंय, कठड्यामागून काका हळूच वर येतात, हसतात, खाली जातात. फक्त उभं वर, उभं खाली. मान वळवायची नाही, पापणी हलवायची नाही, हात दाखवायचा नाही.

९९९९ इन वन कॅसेट आठवा, गेम दहा-बारा आणि तेच परत परत वेगळ्या नावाने. हे हॉटेलच्या मेनूकार्डला लावा, पनीरच्या भाज्यांची तीन पानं आणि वेटर जे आणतो ते त्याच ग्रेव्हीत, फक्त रंग बदलून. मारिओतले ढग आणि झुडपं पण एकच चित्र आहे माहितीये ना, ढग पांढरा केला आणि झुडूप हिरवं केलं, बस.

पिक्सेल काढताना

काही वेळा मात्र खरोखर गेमसारखंच दाखवायचं असतं, स्वप्नात, टीव्हीवर, टायटलमध्ये. मग नीट करा. मोठं चित्र काढून वर पिक्सेल फिल्टर मारणं हे बेक्कार दिसतं, लगेच कळतं. फॅमिकॉमची स्क्रीन २५६ बाय २४०, एका स्प्राइटला, म्हणजे स्क्रीनवर हलणाऱ्या छोट्या चित्राला, तीन रंग आणि चौथा पारदर्शक. तेवढ्याच कॅनव्हासवर, तेवढ्याच रंगात काढा. पिक्सेल काढायला पिस्केल ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, लिब्रेस्प्राइट पण फुकट, एसप्राइटला पैसे पडतात पण रोजचं काम असेल तर घ्या.

ही बंधनं म्हणजे कटकट नाही, जोक तिथूनच निघतात. मारिओला टोपी आहे कारण एवढ्या छोट्या चित्रात केस काढणं अवघड होतं, आणि मिशी आहे कारण तोंड काढायला जागा नव्हती, मिशीमुळे नाकही उठून दिसलं. आता पुण्यात अशी कोण आहे जिचा चेहरा काढायचाच नाही? स्कूटीवरची मुलगी! स्कार्फ, गॉगल, सनकोट, हातमोजे. कातडीचा रंगच लागत नाही, एक रंग वाचला. १६ बाय १६ च्या चौकोनात वरच्या सहा ओळी स्कार्फच्या, त्यात तिसऱ्या ओळीत चार पिक्सेलची काळी पट्टी म्हणजे गॉगल, मागे स्कार्फचं टोक दोन पिक्सेलचं, एका फ्रेमला वर एका फ्रेमला खाली. उरलेल्या ओळीत स्कूटी. दोन फ्रेममध्ये गाडी सुसाट पळते. आमच्या अख्ख्या सीरिजमध्ये सगळ्यात जास्त लोकांनी हाच स्प्राइट डीपीला लावला.

अजून एक, त्या मशीनवर एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दिसायचे, नववा आला की लुकलुक सुरू. सिग्नलला आठ टू-व्हीलर शेजारी शेजारी उभ्या करा, नववा फुटपाथवरून घुसला की सगळे लुकलुकायला लागले पाहिजेत. फक्त तुमचा व्हिडिओ २४ एफपीएसचा असेल तर एक फ्रेम आड एक फ्रेम लुकलुक करू नका, डोळे दुखतात आणि कॉम्प्रेशनमध्ये त्याचा चिखल होतो, तीन-चार फ्रेमचा गॅप ठेवा.

स्प्राइट तिरका फिरवायचा नाही, अर्ध्या पिक्सेलने सरकवायचा नाही, मोठा करताना पूर्ण पटीतच करायचा, चार पट केलं की १०२४ बाय ९६० होतं, ते फुल एचडीत मावतं, चारही बाजूंना उरलेली पट्टी काळी ठेवा. स्मूथिंग बंद. एक्स्पोर्ट १४४० पी किंवा ४के ला करा, तिथेही पूर्ण पटीतच, यूट्यूब मोठ्या व्हिडिओला जरा बरं वागवतं. आणि त्या स्कॅनलाइन, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा, मोबाइलवर नुसती जाळी दिसते त्याची. नका लावू.

देवनागरीचं मात्र खरं दुखणं आहे. इंग्रजी अक्षर ८ बाय ८ मध्ये आरामात बसतं, आपलं नाही. वेलांटी, मात्रा, रफार वर, उकार खाली, मधे शिरोरेषा. आठ ओळींत "गुरुजी" लिहायला गेलात की गिचका होतो. १६ ची उंची घ्या: वरच्या चार ओळी वेलांटी-मात्रांना, पाचवी शिरोरेषा, पुढच्या सात अक्षराला, खालच्या चार उकाराला. जोडाक्षरं आडवी जोडा, उभी रचू नका, आणि "महाराष्ट्र" सारखे शब्द आले की ते एक अक्षर सरळ हाताने वेगळं काढा. अभ्यासाला पुण्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. एक तर पीएमपीच्या बसवरच्या एलईडी पाट्या, तिथे ठिपक्यांत देवनागरी रोज फुकट बघायला मिळते, काय वाचता येतं काय नाही हे स्टॉपवर उभं राहून कळतं. दुसरं म्हणजे डॉसच्या काळातले मराठी स्क्रीन, सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेच्या, देवनागरी दाखवणाऱ्या जिस्ट कार्डवर चालणारे, आणि सी-डॅक आपल्या पुण्यातलंच. एखाद्या काकांच्या ऑफिसातला जुना फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

स्वतःचाच खोटा गेम बनवा

हे सगळ्यात भारी आणि यात कोणाच्या बापाची भीती नाही. होमस्टार रनर नावाची अमेरिकन वेब सीरिज आहे, २००० पासूनची, दोन भावांनी केलेली. त्यांचं पहिलं ॲनिमेशन १९९६ मध्ये चक्क सुपर निन्टेंडोवरच्या मारिओ पेंट मध्ये केलेलं होतं. पण शिकण्यासारखं हे की त्यांनी दुसऱ्यांचे गेम दाखवत बसण्याऐवजी व्हिडेलेक्ट्रिक्स नावाची खोटी गेम कंपनी काढली, तिचे खोटे जुने गेम काढले, आणि मग ते गेम खरोखर खेळता येतील असे बनवून साइटवर टाकले. त्यातला पेझंट्स क्वेस्ट २००४ चा, जुन्या टाइप करून खेळायच्या ॲडव्हेंचर गेमची टिंगल करणारा. लोक अजून खेळतात.

आमच्या सीरिजमध्ये एक खोटा कन्सोल आहे, सदाशिव ६४. चालू केला की पहिल्यांदा कंपनीचा लोगो, खाली ओळ: "आमची कुठेही शाखा नाही." मग स्टार्ट स्क्रीन: "स्टार्ट एकदाच दाबावे. आम्हाला ऐकू येते." पॉज केलं की: "दुपारी १ ते ४ गेम बंद राहील." मेलात की: "गेम ओव्हर. दोष मशीनला देऊ नये." हाय स्कोअरच्या यादीत पहिल्या दहाही जागांवर मालकांचंच नाव. दोन प्लेअर निवडायला गेलात तर: "दुसरा कंट्रोलर मागू नये, अपमान होईल." पुणेरी पाटी आणि जुन्या गेमचा मेसेज यांची जातकुळी एकच आहे हो, कमी शब्द, ठाम सूर, समोरच्याची अजिबात पर्वा नाही. असल्या चार-पाच पाट्या लिहून ठेवा, कुठल्याही सीनमध्ये टीव्ही चालू दाखवायचा असला की मागे हेच चालू. त्यातली एखादी दोन सेकंदांपेक्षा जास्त दाखवू नका, वाचायला थांबवावं लागलं पाहिजे.

यात कायद्याचंही काम होतं. गेमची कल्पना आणि नियम यावर कॉपीराइट नसतो, चित्र, संगीत आणि कोड यावर असतो. आणि आपल्या १९५७ च्या कायद्यात कलम ५२ खाली टीका, समीक्षा, बातमी, खासगी वापर याला सूट आहे पण विडंबन म्हणून वेगळी सूट लिहिलेली नाही, त्यामुळे "पॅरडी आहे ना, चालतंय" हे ज्याच्या त्याच्या तोंडी असलं तरी त्यावर विसंबू नका. दुसऱ्याचा स्प्राइट किंवा ट्यून जशीच्या तशी उचलायची नाही एवढं पाळलंत तरी बरीच झोप नीट लागते.

आता आवाज

फॅमिकॉममध्ये आवाजाला पाच वाटा, म्हणजे चॅनल: दोन पल्स आणि एक ट्रँगल सुरांसाठी, एक नॉइज खरखरीसाठी आणि एक रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी. फॅमिट्रॅकर किंवा फॅमिस्टुडिओ हे दोन्ही फुकट आहेत, यात तेवढ्याच वाटांत गाणं बनवता येतं. पल्सवर चाल, ट्रँगलवर बेस. आणि ढोल-ताशा यात अफाट जमतो, ताशासाठी नॉइज, झटकन सुरू झटकन बंद, आणि ढोलाच्या ठोक्याला ट्रँगलचा सूर वरून धाडकन खाली सोडायचा. ऐकून बघा, लक्ष्मी रोडवर मिरवणूक कॅसेटमध्ये भरल्यासारखी वाजते.

इफेक्ट स्वतःचे करा. मारिओच्या कॉइनचा आवाज म्हणजे फक्त दोन सूर, बी आणि त्याच्या वरचा ई, बस. तुम्ही वेगळे दोन सूर घ्या, वेग तोच ठेवा, कानाला कॉइनच वाटतो. उडीला पल्सचा सूर खालून वर ओढायचा. आणि हे इफेक्ट कॅरेक्टरच्या डायलॉगखाली दाबून टाकू नका, आधी आवाज, मग अर्धा सेकंद शांतता, मग डायलॉग, नाहीतर दोन्ही वाया.

डायलॉगचं रेकॉर्डिंग मात्र साधंच, मोबाइल आणि गाद्या लावलेली खोली चालते. एपिसोड गणपतीत सोडायचा असेल तर हे काम आधीच उरकून घ्या, कारण एकदा नदीकाठी पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की संध्याकाळी सहानंतर खिडक्या बंद करूनही तुमच्या हिरोच्या प्रत्येक वाक्यामागे खरा ढोल येणार, आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरने निघत नाही.